जेल गाठीतच सोडता येतं, मग केमो कशाला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वडील ६२ वर्षांचे, घर बडोद्याच्या कारेलीबागेत, तंबाखू-सुपारीचा मावा खाण्याची सवय पंचवीस वर्षांची. डाव्या गालाच्या आत सुमारे ३ सेंटिमीटरची गाठ आहे आणि बायप्सीत कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी आधी ऑपरेशन, मग रेडिएशन आणि गरज पडली तर त्याच्यासोबत सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध असं सांगितलंय. एवढ्यात एका नातेवाइकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ पाठवला. सुईनं गाठीत पातळ औषध सोडतात, आत गेल्यावर त्याचं जेल होतं, महिनाभर औषध तिथल्या तिथे झिरपतं, केस जात नाहीत, उलट्या होत नाहीत. हे बडोद्यात, अहमदाबादला किंवा मुंबईला मिळतं का, आणि मिळत असेल तर ऑपरेशन थांबवावं का, असं तुम्ही विचारलंय.

थांबवू नका. आधी एवढंच वाचा आणि बाबांना सांगा. तोंडाच्या कॅन्सरसाठी गाठीत टोचायचं औषधी हायड्रोजेल आज नेहमीच्या उपचारात कुठेच नाही. इथे नाही, टाटाला नाही, परदेशातही नाही. बाकीचं उत्तर सावकाश वाचलं तरी चालेल.

मी डॉक्टर नाही हेही आधीच सांगते. बडोद्यात २८ वर्षं इंजेक्शनांच्या फॉर्म्युलेशनमध्ये, म्हणजे औषधाला टोचता येईल असं रूप देण्यात काढली. त्यातली शेवटची बरीचशी वर्षं डेपो इंजेक्शनांवर गेली, म्हणजे एकदा टोचलं की आठवडे-महिने काम करणारी औषधं. जेलं मी पुष्कळ बनवली, त्याहून जास्त फेकून दिली. त्यामुळे व्हिडिओत दाखवलेलं खोटं आहे असं मी म्हणणार नाही. उंदरात ते खरंच तसं होतं. उंदरापासून तुमच्या बाबांच्या गालापर्यंतचा रस्ता मात्र व्हिडिओत नसतो.

हायड्रोजेल म्हणजे पाणी धरून बसलेलं जाळं. अळीव भिजवल्यावर त्याच्याभोवती जो बुळबुळीत थर येतो, फालुद्यातल्या सब्जाला जो फुगा येतो, ते हायड्रोजेलच. औषधशास्त्रात ते आलं १९६०च्या सुमाराला. ओट्टो विख्टर्ले आणि द्राहोस्लाव लीम या दोघा झेक रसायनतज्ज्ञांनी पाणी शोषणारं, मऊ आणि शरीराला न खुपणारं प्लॅस्टिक बनवलं, आणि त्यातूनच पुढे सॉफ्ट काँटॅक्ट लेन्स आल्या. त्याच घराण्यातल्या पदार्थाची छोटी नळी करून तिच्यात हिस्ट्रेलिन हे हार्मोन रोखणारं औषध भरलं, दंडाच्या कातडीखाली बसवलं आणि प्रोस्टेट कॅन्सरसाठी वर्षभर चालवलं. व्हँटास नावाच्या त्या इम्प्लांटला अमेरिकेत २००४ साली परवानगी मिळाली होती. म्हणजे कॅन्सर आणि हायड्रोजेल यांची गाठ पडून बरीच वर्षं झाली. पण ती नळी घट्ट होती, चीर देऊन बसवावी लागायची. तुम्ही विचारताय ते सुईतून जाणारं जेल, आणि सगळी मेख त्या 'सुईतून' या शब्दात आहे.

सुईतून जाताना ते पाण्यासारखं हवं आणि आत पोचल्यावर दह्यासारखं. ही दोन्ही रूपं एका पदार्थाकडून घ्यायची. त्याच्या तऱ्हा अनेक आहेत. काही जेलं दाबलं की पातळ होतात आणि दाब सुटला की पुन्हा धरतात. काहींत दोन द्रावणं दोन सिरिंजमध्ये भरतात आणि ती सुईच्या तोंडाशी एकमेकांना भेटतात. समुद्री शेवाळातून मिळणारं अल्जिनेट कॅल्शियम भेटलं की थिजतं. सगळ्यात लाडकं मात्र तापमानावर थिजणारं जेल, कारण त्यात वेगळं काही मिसळावं लागत नाही, शरीराची ऊब पुरते.

इथे आपल्या घरच्या अनुभवाच्या उलटं होतं. चायना ग्रासची जेली गार केली की घट्ट होते आणि तापवली की वितळते. हे फ्रिजमध्ये पातळ आणि ३७ अंशांना घट्ट. यातलं सगळ्यात जुनं आणि स्वस्त म्हणजे पोलोक्झॅमर ४०७. त्याचा रेणू म्हणजे एक लांब साखळी. तिची दोन्ही टोकं पाण्याला धरून असतात, मधला भाग पाण्याला टाळतो. थंडीत तोही कसाबसा पाण्यात राहतो. ऊब लागली की पाण्यातून अंग काढून घेतो, साखळ्या एकत्र येतात आणि त्यांचे बारीक गोळे होतात, आत पाण्याला टाळणारे भाग आणि बाहेर टोकं. १८-२० टक्क्यांचं द्रावण असलं की हे गोळे इतके होतात की डब्यात लाडू गच्च बसावेत तसे बसतात आणि हलायला जागा उरत नाही. तेच जेल. लक्षात घ्या, लाडू एकमेकांना चिकटलेले नाहीत, नुसते दाटीनं बसलेत. शरीरातलं पाणी आत शिरून दाटी कमी झाली की डबा पुन्हा खुळखुळायला लागतो. म्हणून नुसतं पोलोक्झॅमर शरीरात तास मोजतं, फार तर एखाद-दोन दिवस. महिना नाही.

हे बनवायची पद्धतही उलटी. एरवी काही विरघळवायचं तर आपण गरम करतो. इथे बर्फाच्या पाण्यात पावडर भुरभुरायची, हलकं ढवळायचं आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून घरी जायचं. नवी मुलं घाईनं हॉट प्लेटवर ठेवायची आणि बीकरमध्ये गुठळ्या घेऊन माझ्याकडे यायची.

आता बडोद्याचा मे महिना आठवा. मी तेव्हा ज्या कंपनीत होते तिथे जेल बनायचं एका इमारतीत आणि चाचणी व्हायची दुसऱ्या इमारतीत, मध्ये उघडं पटांगण. बाहेर ४३ अंश. आमचं जेल २८ अंशांना धरायचं. बर्फाचा डबा न घेता सिरिंजांचा ट्रे घेऊन मी स्वतः निघाले, दोन मिनिटांचं तर अंतर. पोचेपर्यंत सिरिंजमध्येच जेल. आता दाबून तर बघू म्हणून दट्ट्या रेटला, तर सुई हबसकट उडाली आणि पांढरा गोळा माझ्या चष्म्यावर. त्यात औषध नव्हतं, म्हणून आज हसून सांगतेय. मग कोणी म्हणेल, ३५ अंशांना धरणारं बनवा. बनवतो. पण मग ते कातडीखाली नीट धरतच नाही, कारण वरच्या थरांचं तापमान आतल्यापेक्षा कमी असतं. शिवाय सुई लांब असली तर तिचा आत गेलेला भाग शरीराच्या उबेनं तापतो आणि जेल सुईतच अडकतं. वरून आणि खालून आवळलेल्या चार-सहा अंशांच्या फटीत हा सगळा खेळ असतो, आणि त्या फटीत औषध मिसळलं की फट सरकते, कारण औषध स्वतःच जेलचं तापमान बदलतं.

तरीही थिजवणं हा सोपा भाग आहे. अवघड आहे ते धरून ठेवणं.

जेलचं जाळं आपल्याला घट्ट वाटतं, पण त्याची भोकं साधारण ५ ते १०० नॅनोमीटरची. सिस्प्लॅटिन किंवा डॉक्सोरुबिसिन अशा केमोच्या औषधाचा रेणू एक नॅनोमीटरच्या आसपास. क्रिकेटच्या नेटमधून मोहरीचे दाणे जावेत तसा तो निघून जातो. पहिल्या काही तासांतच मोठा वाटा बाहेर पडतो, आमच्या भाषेत बर्स्ट. महिनाभर झिरपायला हवं असेल तर औषधाला जाळ्याशी कशानं तरी बांधावं लागतं, किंवा आधी बारीक कणांत भरून ते कण जेलमध्ये ठेवावे लागतात, किंवा मुळातच पाण्यात न विरघळणारं औषध घ्यावं लागतं. प्रत्येक वाटेवर नवं भांडण. कण सुईत अडकतात. बांधलेलं औषध सुटलं नाही तर नुसतं बांधलेलंच राहतं.

एक गोष्ट सांगते, कारण बातम्यांतले '१४ दिवस', '३० दिवस' हे आकडे बहुतेक इथूनच येतात. एम.फार्मचा एक मुलगा प्रोजेक्टसाठी आमच्याकडे होता, फार हुशार. त्यानं पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधाचं जेल केलं आणि १५ दिवस औषध सुटतंय असा आलेख आणला. सुंदर, सरळ रेष. मी विचारलं, जेल कशात ठेवलं होतंस? तो म्हणाला, डायलिसिसच्या पिशवीत, म्हणजे बारीक भोकांच्या पातळ पडद्याच्या पिशवीत. मी म्हटलं, मग आधी पिशवीत नुसतं औषध घाल आणि किती दिवस लागतात ते बघ. नुसत्या औषधालाही दिवसच लागले. जेल नव्हे, पिशवी रोखून धरत होती. शिवाय पॅक्लिटॅक्सेल पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, एका मिलिलिटरला एक मायक्रोग्रॅमही कसंबसं. बाहेरचं पाणी थोडं असलं की ते भरतं आणि पुढचं औषध वाट बघत बसतं. दिसायला 'सावकाश सुटतंय', खरं तर सुटायला जागाच नाही. बिचारा दोन दिवस बोलला नाही माझ्याशी. तिसऱ्या दिवशी सेव उसळ घेऊन आला आणि म्हणाला, मॅडम, पुन्हा करू या.

औषधांचे स्वभावही मध्ये येतात. तुमच्या बाबांना ज्याचं नाव सांगितलंय त्या सिस्प्लॅटिनचंच बघा. त्याचं नेहमीचं १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरचं द्रावण फ्रिजमध्ये ठेवायचं नसतं, थंडीत त्याचे स्फटिक खाली बसतात. तापमानावर थिजणारं जेल फ्रिजमध्येच ठेवावं लागतं. म्हणजे एकाला गारवा चालत नाही आणि दुसऱ्याला गारव्याशिवाय चालत नाही, आणि संसार एकाच कुपीत करायचा. सिस्प्लॅटिनला अ‍ॅल्युमिनियमही चालत नाही, लागलं की बिघडतं. त्याला मीठ लागतं, क्लोराइड कमी पडलं की रेणूचं रूप बदलतं. आणि मीठ घातलं की पोलोक्झॅमरचं थिजायचं तापमान खाली येतं. हे सगळं सोडवता येतं, नाही असं नाही. पण एकेक गाठ सोडवायला वर्ष जातं.

मग निर्जंतुक करायची कटकट. इंजेक्शन म्हटलं की ते आलंच. १२१ अंशांना पंधरा मिनिटं वाफेत ठेवलं की अल्जिनेटच्या साखळ्या तुटतात आणि जेल सैल पडतं. पीएलजीए जातीचे पॉलिमर, जे शरीरात हळूहळू विरघळतात म्हणून आपल्याला आवडतात, ते पाण्यामुळेच तुटतात, मग वाफेत काय टिकणार! गॅमा किरणांनीही साखळ्या तुटतात. ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळावं तर घट्ट द्रावण जात नाही, आणि कण घातले असतील तर ते गाळणीवरच राहतात. शेवटी सगळं पहिल्यापासून निर्जंतुक खोलीत करायचं, म्हणजे खर्च चौपट.

आता उंदराचा हिशेब, जो तुम्ही घरी कागदावर मांडू शकता. प्रयोगात उंदराच्या कुशीला कातडीखाली गाठ वाढवतात. ती १०० घनमिलिमीटरची झाली की उपचार सुरू करतात, म्हणजे ०.१ मिलिलिटर. त्यात किंवा तिच्याशेजारी जेल सोडतात तेही बहुधा ०.१ मिलिलिटर. म्हणजे जेवढी गाठ तेवढंच जेल. तुमच्या बाबांची गाठ ३ सेंटिमीटरची. गोल धरली तर १४ मिलिलिटर होते. त्याच हिशेबानं गालात १४ मिलिलिटर जेल भरायचं, म्हणजे जवळपास तीन चमचे. गाठ आधीच घट्ट असते, तिच्या आतला दाब आजूबाजूच्या मांसापेक्षा जास्त असतो. एवढंच काय, २ मिलिलिटर टोचलं तरी त्यातलं बरंचसं सुईच्याच वाटेनं परत बाहेर येतं. तोंडात कुठे बाहेर? जिभेवर, आणि तिथून पोटात.

आणि जे आत राहिलं ते पोचतं किती लांब? औषध मांसातून पसरतं त्याचा नियम असा की अंतर दुप्पट झालं की वेळ चौपट लागतो. एक मिलिमीटरला तास-दीड तास लागत असेल तर एक सेंटिमीटरला शंभरपट, म्हणजे चार ते सहा दिवस. एवढ्या वेळात रक्त ते वाहून नेतं किंवा पेशी पचवून टाकतात. म्हणून जेलच्या भोवती काही मिलिमीटरचाच पट्टा औषधात भिजतो आणि बाकीच्या गाठीला पत्ताही नसतो. उंदराच्या पाच-सहा मिलिमीटरच्या गाठीला तो पट्टा पुरून उरतो. व्हिडिओतली गाठ नाहीशी होते ती अशी.

मिलिमीटरच्या या गणिताहूनही मोठी अडचण दुसरीच आहे. गालाचा कॅन्सर मानेतल्या गाठींकडे, म्हणजे लिम्फ नोडकडे सरकतो. म्हणूनच सर्जन गालाबरोबर मानही उघडतात. तुम्हाला ते 'एवढं मोठं ऑपरेशन' वाटलं असं तुम्ही लिहिलंय, त्याचं कारण हे. गालात बसलेलं जेल मानेतल्या पेशीला काय करणार? केमोचं औषध सगळ्या शरीरात फिरतं ही त्याची खोड आहे, तसाच तो त्याचा उपयोगही आहे. व्हिडिओत खोड दाखवली, उपयोग गाळला.

माणसांवर हे करून पाहिलेलंच नाही असं नाही, आणि तेही नेमकं डोक्या-मानेच्या कॅन्सरवर. १९९०च्या दशकात अमेरिकेत सिस्प्लॅटिन आणि एपिनेफ्रिन गाईच्या कोलाजेनच्या जेलमध्ये घालून थेट गाठीत टोचलं गेलं. एपिनेफ्रिन रक्तवाहिन्या आकसवतं, म्हणजे औषध वाहून जायला उशीर होतो. कल्पना नामी होती. घेतलेले रुग्ण असे होते की ऑपरेशन आणि रेडिएशन होऊनही गाठ परत आली होती. सुमारे २९ टक्के रुग्णांत टोचलेली गाठ निम्म्यानं किंवा त्याहून जास्त लहान झाली; औषध नसलेल्या जेलनं २ टक्क्यांत. म्हणजे काम केलं. पण टोचलेल्या जागी वेदना, जखमा, मांस सडणं हेही झालं, आणि ते औषध बाजारात कधी आलं नाही. दहातल्या तिघांची गाठ काही काळ लहान होणं, हे दुसरं काही उरलं नसेल त्याच्यासाठी मोलाचं आहे. तुमच्या बाबांपुढे आज ऑपरेशनची वाट उघडी आहे. दोन्ही माणसांचा हिशेब एक नाही.

त्यानंतर ऑन्कोजेल आलं. पीएलजीए आणि पॉलिइथिलीन ग्लायकॉल जोडून केलेलं, उबेनं थिजणारं आणि आठवडे टिकणारं, पोलोक्झॅमरपेक्षा पुष्कळ पुढचं जेल; आत पॅक्लिटॅक्सेल. आम्ही सगळे त्याचे पेपर चवीनं वाचायचो, मी तर त्याच्या धर्तीवर दोन बॅच करून बघितल्या होत्या. अन्ननलिकेच्या गाठीत ते टोचून नेहमीची केमो आणि रेडिएशन सोबत दिलं. नेहमीच्या उपचारात जेलची भर घालून फरक पडला नाही. जेल उत्तम होतं. जेल उत्तम असणं आणि रुग्णाला फायदा होणं यांतलं अंतर मला तेव्हा नीट कळलं, आणि खरं सांगायचं तर वाईट वाटलं.

मग यश कुठे मिळालं? जिथे आजार एका पोकळीत, पातळ थरात आणि जागेवर बसून असतो तिथे. मूत्रपिंडातून मूत्र जिथे गोळा होतं त्या भागात हळू वाढणारे कॅन्सर होतात. तिथे मायटोमायसिन हे केमोचं औषध पाण्यातून सोडलं तर ते लघवीबरोबर काही मिनिटांत खाली. तेच उबेनं थिजणाऱ्या जेलमध्ये घालून नळीनं वर सोडलं तर ते तिथे चार-सहा तास चिकटून राहतं आणि मग विरघळून लघवीतून जातं. वर मी पोलोक्झॅमरला तासांवरून नावं ठेवली, इथे तेच तास पुरतात. जेलमायटो नावानं अमेरिकेत एप्रिल २०२०मध्ये त्याला परवानगी मिळाली. आठवड्याला एक याप्रमाणे सहा वेळा द्यायचं. ७१ रुग्णांच्या अभ्यासात साधारण ५९ टक्के रुग्णांत कॅन्सर पूर्ण दिसेनासा झाला. पण ४४ टक्के रुग्णांत मूत्रवाहिनी अरुंद झाली, हेही त्याच कागदावर लिहिलेलं आहे. आणि देण्याआधी ते बर्फात ठेवावं लागतं. वाचताना मला माझा चष्मा आठवला. त्याच कुटुंबातल्या मूत्राशयासाठीच्या जेलला २०२५ साली परवानगी मिळाली. दोन्हींत सुई नाही, गाठीत टोचणं नाही, हे लक्षात घ्या.

मेंदूतली गोष्ट जेलची नाही, पण तुमच्या प्रश्नाला लागू आहे. मेंदूतली गाठ काढल्यावर जी पोकळी उरते तिच्या भिंतींवर कारमुस्टिन या केमोच्या औषधाच्या चकत्या लावून ठेवायच्या, जास्तीत जास्त आठ. ग्लियाडेल नावानं त्या १९९६पासून अमेरिकेत आहेत. २४० रुग्णांच्या अभ्यासात चकत्यांनी जगण्याचा मध्य, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ, ११.६ महिन्यांवरून १३.९ महिन्यांवर गेला. इथे ऑपरेशन टळलेलं नाही, ऑपरेशननंतर उरलेल्या कडेवर औषध ठेवलंय. माझा अंदाज विचाराल तर जेलांचं भविष्यही इथेच आहे: आधी सर्जननं गाठ काढायची, मग उरलेल्या जागेत जेल ओतायचं. आता पुष्कळ प्रयोगशाळा त्यात केमोऐवजी प्रतिकारशक्ती जागी करणारी औषधं घालून बघताहेत. मोठे रेणू जाळ्यात जास्त वेळ राहतात आणि थोडे पुरतात, त्यामुळे जेलचा स्वभाव त्यांना मानवतो. ही वाट मला केमोच्या जेलपेक्षा जास्त पटते. पण तुमच्या बाबांच्या तारखेआधी ती पोचणार नाही.

तुमच्या मामांनी म्हणे सांगितलं की 'आमच्या शेजाऱ्यांना प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी तीन महिन्यांनी एकच इंजेक्शन देतात, मग हे कसं नाही'. मामा चूक नाहीत. ल्युप्रोलाइड, गोसेरेलिन अशी डेपो इंजेक्शनं आपल्याकडे सर्रास मिळतात, महिन्याची आणि तीन महिन्यांचीही. एलिगार्ड नावाच्या ल्युप्रोलाइडच्या इंजेक्शनात तर पातळ द्रावणच कातडीखाली सोडतात आणि तिथे त्याचा घट्ट गोळा होतो. फक्त तो उबेनं होत नाही, आतला द्रावक बाहेर निघून जातो आणि पॉलिमर थिजतो. पण ही औषधं गाठीत टोचतच नाहीत. पोटावर किंवा कमरेत टोचतात, आणि तिथून औषध रक्तात जाऊन पुरुषी हार्मोन बंद करतं. डोसही इवलासा, तीन महिन्यांचं ल्युप्रोलाइड २२.५ मिलिग्रॅम. ते पेशी जाळत नाही, म्हणून जिथे टोचलं तिथे जखम होत नाही. डॉक्सोरुबिसिनसारखं लाल औषध शिरेबाहेर चार थेंब सांडलं तर कातडी काळी पडून सडते. केमोच्या वॉर्डमधल्या सिस्टरना विचारा, त्या सुई लावताना श्वास रोखून असतात. तेच औषध गालात मुद्दाम ठेवायचं म्हणजे किती मोजून ठेवावं लागेल, याचा मामांनी विचार करावा.

तुम्ही असंही विचारलंय की एक माणूस 'ट्रायलचं जेल' आणून देतो म्हणतोय, दोन लाख मागतोय. देऊ नका. भारतात माणसांवरच्या औषधाच्या चाचणीची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत व्हावी लागते. तिथे आजाराचं नाव घालून कुणालाही फुकट शोधता येतं. चाचणी कोणत्या हॉस्पिटलात आहे, कोणत्या अवस्थेतल्या रुग्णांना घेतात, हे तिथे लिहिलेलं असतं. चाचणीतल्या औषधाचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत. संमतिपत्र रुग्णाला समजेल अशा भाषेत द्यावं लागतं. आपल्याकडे ते बहुतेक गुजरातीत पुढे करतात. बाबांना वाचायला मराठी सोपं जात असेल तर मराठी मागा, बडोद्याच्या दांडिया बाजारात जन्म गेलेल्यांनाही कायद्याची गुजराती जड जाते. आणि फ्रिजशिवाय, पिशवीत घालून, उन्हाळ्यात स्कूटरवर कुणी 'जेलचं इंजेक्शन' आणून देत असेल तर ते काय अवस्थेत पोचेल, हे वरच्या पटांगणाच्या गोष्टीवरून तुम्हाला कळलंच असेल.

गुरुवारी सर्जनना भेटाल तेव्हा जेलचं विचारण्यात वेळ घालवू नका. स्कॅनमध्ये मानेच्या गाठी दिसताहेत का, जबडा काढावा लागणार आहे का, गालाची जागा कुठल्या मांसानं भरणार, ऑपरेशननंतर तोंड किती उघडेल, हे विचारा. रेडिएशन ठरलंच तर त्याआधी दातांच्या डॉक्टरांना दाखवायचं का, हेही विचारा. रेडिएशनचा शेक सुरू झाल्यावर दात काढणं फार जपून करावं लागतं. सिस्प्लॅटिन द्यायचं की नाही हे बहुधा काढलेल्या गाठीच्या रिपोर्टवर ठरेल, काढलेल्या भागाच्या कडांत कॅन्सर उरला नाही ना आणि मानेतल्या गाठीचं कवच फुटलंय का यावर. म्हणजे ज्या केमोला तुम्ही इतके घाबरलात ती कदाचित लागणारही नाही. लागली तर मूत्रपिंड आणि कान यांची तपासणी आधी करून घ्या, ते औषध या दोन्हींना त्रास देतं. उलट्यांवर आता चांगली औषधं आहेत, वीस वर्षांपूर्वीसारखी गत नाही.

एक गोष्ट तुम्ही एवढ्या मोठ्या पत्रात कुठेच लिहिली नाही, बाबांचा मावा बंद झाला की नाही. झाला नसेल तर आजच करायला सांगा. निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात, आणि गालात लावलेलं नवं मांस जगायला पहिले काही दिवस रक्तच लागतं.